न घडलेल्याचे ठिपके

साल १९९४. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी देखभाल विभागात नुकताच लागलो होतो. तीन पाळ्या आणि प्रत्येक पाळीची एक जाडजूड नोंदवही. कोणते यंत्र किती वाजता बंद पडले, कोणी दुरुस्त केले, किती वेळ गेला, हे सगळे त्यात लिहिलेले. वर्षअखेरच्या बैठकीसाठी या नोंदींचे ‘काहीतरी चित्र’ करून दे, असे मला सांगण्यात आले. तेव्हा स्लाइड म्हणजे ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या काचेवर ठेवायची पारदर्शक शीट. मी जेवणाच्या डब्याचे झाकण उपडे ठेवून वर्तुळ काढले, कोनमापकाने त्याच्या तीन फोडी पाडल्या आणि मार्करने रंगवल्या. पहिली पाळी हिरवी, दुसरी निळी, रात्रपाळी लाल. लाल फोड निम्म्याहून मोठी भरली. शीट हातात धरून उजेडाकडे पाहिली तेव्हा मला स्वतःचेच कौतुक वाटले.

बैठकीत ती शीट भिंतीवर जेमतेम दोन मिनिटे होती. तेवढ्यात निकाल लागला. रात्रपाळीच्या फिटरची दुसऱ्या विभागात बदली झाली आणि त्याचा रात्रपाळीचा भत्ता गेला. माणूस माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा. आठवडाभराने कँटीनमध्ये भेटला. आवाज न चढवता एवढेच म्हणाला, “बंद पडलेली मोजलीत भाऊ, चाललेली कोण मोजणार?”

मला वाटले, दुखावलेला माणूस काहीतरी बोलणारच. त्या वाक्याचा अर्थ कळायला मला बारा-तेरा वर्षे लागली, आणि त्यासाठी अमेरिकेतल्या एका सरकारी अहवालात शेजारी-शेजारी छापलेले दोन आलेख पाहावे लागले. त्या आलेखांबद्दल लिहिण्यासाठीच हा लेख आहे. पण तिथवर जाण्याआधी आलेख ही वस्तू मुळात आली कुठून, हे थोडे पाहायला हवे. कारण स्लाइडवर कोणता आलेख ठेवायचा हा प्रश्न आज वाटतो तितका नवा नाही.

वर्षे हाती नव्हती म्हणून

आज संगणकावर एक कळ दाबली की आलेखांची यादी उघडते. उभे स्तंभ, आडव्या पट्ट्या, रेषा, वर्तुळ, ठिपके. आपण त्यातून भाजी निवडावी तसे निवडतो. ताजे दिसेल ते उचलतो. या यादीतले पहिले तीन-चार प्रकार बहुतांशी एकाच माणसाच्या हातून रुळले. त्याचे नाव विल्यम प्लेफेअर. जन्म १७५९, स्कॉटलंडचा. वाफेच्या यंत्राच्या जेम्स वॉटकडे त्याने आराखडे काढणारा म्हणून काम केले होते. १७८६ साली त्याने लंडनमध्ये व्यापार आणि राजकारणाचा एक ‘अ‍ॅटलास’ काढला. त्यात नकाशे नव्हते, इंग्लंडची आयात-निर्यात रेषांनी दाखवणारे आलेख होते. आडवी वर्षे, उभे पैसे, एक रेषा आयातीची, एक निर्यातीची, आणि दोहोंच्या मधली जागा रंगवलेली. व्यापार नफ्याचा की तोट्याचा, हे त्या रंगावरून लगेच कळे.

या पुस्तकातला एक आलेख मात्र वेगळा आहे. स्कॉटलंडच्या व्यापाराची सलग वर्षांची आकडेवारी प्लेफेअरला मिळाली नाही. हाती होते ते एकाच वर्षाचे, १७८० च्या नाताळपासून १७८१ च्या नाताळपर्यंतचे आकडे, सतरा ठिकाणांशी झालेल्या व्यापाराचे. एका वर्षाची रेषा कशी काढणार? म्हणून त्याने प्रत्येक ठिकाणासाठी आयातीची एक आणि निर्यातीची एक अशा आडव्या पट्ट्या काढल्या. आज शाळेच्या पुस्तकापासून बँकेच्या अहवालापर्यंत दिसणारा स्तंभालेख इथे आकाराला आला. प्लेफेअरला तो फारसा पसंत नव्हता. यात काळ दिसत नाही, त्यामुळे इतर आलेखांइतका हा उपयोगी नाही, अशी कबुली त्याने तिथेच देऊन ठेवली आहे.

मला या कबुलीचे मोल फार वाटते. हाती काय आहे आणि काय नाही, हे पाहून त्याने आकार निवडला. शिवाय त्या आकारात काय दिसणार नाही, हेही वाचकाला सांगितले. पुढे १८०१ च्या पुस्तकात त्याने वर्तुळाच्या फोडी पाडल्या. तुर्की साम्राज्याचा मुलूख आशिया, युरोप आणि आफ्रिका या तीन खंडांत कसा वाटला गेला आहे, हे दाखवायला. माझ्या डब्याच्या झाकणाचा मूळपुरुष तो. याच पुस्तकाच्या लांबलचक नावात, हिंदुस्थानातल्या सत्तांचेही असेच दर्शन शेवटी जोडले आहे, असे लिहिलेले आहे. नाना फडणवीस जाऊन तेव्हा वर्ष झाले होते, पुण्यात दुसरा बाजीराव गादीवर होता, आणि लंडनमध्ये एक माणूस हिंदुस्थानची मोजदाद वर्तुळांत करत होता. आलेख राज्यकर्त्यांसाठी असतो, तो बघून कोणीतरी काहीतरी ठरवणार असते, ही गोष्ट त्याच्या जन्मापासूनची आहे.

एका बाईचे दोन आलेख

फ्लॉरेन्स नाइटिंगेल आपल्याकडे हातात दिवा घेतलेली परिचारिका म्हणून ओळखली जाते. क्रिमियन युद्धाहून परतल्यावर तिने जे काम केले ते मुख्यतः आकड्यांचे. लढाईतल्या जखमांपेक्षा टाळता येण्यासारख्या रोगांनी कितीतरी जास्त सैनिक मेले, हे तिला मंत्र्यांच्या आणि सेनाधिकाऱ्यांच्या गळी उतरवायचे होते. तक्ते वाचण्याची या मंडळींना सवय नव्हती. तिचा १८५८ सालचा पाकळ्यांचा आलेख प्रसिद्ध आहे. वर्षाचे बारा महिने म्हणजे बारा पाकळ्या; निळा रंग टाळता येण्याजोग्या रोगांचा, लाल जखमांचा, काळा इतर कारणांचा. निळ्याने सगळे फूल व्यापले आहे आणि लाल मध्यापाशी चिमूटभर उरला आहे.

पण तिचा दुसरा एक आलेख मला अधिक भेदक वाटतो. त्यात सजावट काही नाही, नुसत्या पट्ट्या आहेत. इंग्लंडमध्येच, शांततेच्या काळात, बराकीत राहणाऱ्या सैनिकांचे मृत्युप्रमाण आणि त्याच वयाच्या सामान्य इंग्रज पुरुषांचे मृत्युप्रमाण. वयोगटागणिक जोडी-जोडीने पट्ट्या, आणि सैनिकाची पट्टी जवळजवळ दुप्पट लांब. सैनिक म्हणजे भरतीच्या वेळी तपासून घेतलेला धडधाकट तरुण. तो शांततेतही इतरांच्या दुपटीने मरत असेल तर दोष बराकीचा.

कोणत्या कारणाने किती मेले, या प्रश्नाला पाकळ्या उत्तर देतात. आणि मेले ते जास्त आहेत हे कशावरून, या प्रश्नाला पट्ट्या. दुसरा प्रश्न विचारायचा तर सैन्याबाहेरच्या, बराक न पाहिलेल्या माणसांचे आकडे आणावे लागतात. नाइटिंगेलने ते आणले. फिटरच्या भाषेत सांगायचे तर तिने ‘चाललेली’ मोजली.

२७ जानेवारीची रात्र

आता ज्या रात्रीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. २७ जानेवारी १९८६. अमेरिकेचे ‘चॅलेंजर’ हे अवकाशयान दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लॉरिडातून उडायचे होते. त्यात सात जण जाणार होते. क्रिस्टा मॅकऑलिफ ही शाळेतली शिक्षिका त्यांपैकी एक, म्हणून वर्गावर्गांतून मुले दूरचित्रवाणीपुढे बसणार होती. फ्लॉरिडा हा उबदार प्रांत. त्या रात्री मात्र पारा गोठणबिंदूच्या खाली जाणार असा अंदाज होता.

यानाच्या दोन्ही बाजूंना घन इंधनाचे दोन प्रचंड अग्निबाण असत. ते युटा राज्यातली मॉर्टन थायोकॉल ही कंपनी बनवत असे. बाण इतके मोठे, की ते तुकड्या-तुकड्यांनी रेल्वेने फ्लॉरिडाला जात आणि तिथे जोडले जात. प्रत्येक जोडात रबराची दोन कडी. व्यास सुमारे १२ फूट, जाडी मात्र जेमतेम पाव इंच. प्रेशर कुकरच्या झाकणातल्या रिंगेचे जे काम, तेच यांचे: आतला तप्त वायू बाहेर येऊ द्यायचा नाही. इंधन पेटले की दाबाने जोड किंचित उघडतो. त्या क्षणी रबराने फुगून फट भरून काढायला हवी. थंडीत रबर कडक होते आणि फुगायला वेळ लावते. थायोकॉलच्या प्रयोगशाळेतले १९८५ चे निष्कर्ष स्पष्ट होते. १०० अंश फॅरनहाइटला रबर पृष्ठभागाला चिकटून राहिले. ७५ अंशांना २.४ सेकंद सुटले. ५० अंशांना दहा मिनिटे वाट पाहूनही परत टेकले नाही. रॉजर बोजोले या अभियंत्याने जुलै १९८५ मध्येच वरिष्ठांना लिहून कळवले होते, की याकडे लक्ष दिले नाही तर माणसे जातील.

त्या रात्री युटा, अलाबामातले मार्शल केंद्र आणि फ्लॉरिडातले केनेडी केंद्र यांच्यात दूरध्वनीवर बैठक झाली. बोजोले आणि सहकाऱ्यांना उड्डाण थांबवायचे होते. काही तासांत त्यांनी तेरा पाने तयार केली आणि फॅक्सने पाठवली. काही पाने हाताने लिहिलेली होती. त्या पानांत तक्ते होते, मुद्दे होते, जोडाच्या आकृत्या होत्या. कड्यांचे तापमान एका अक्षावर आणि झालेली इजा दुसऱ्या अक्षावर, असा आलेख मात्र एकही नव्हता.

एका पानावर कड्यांच्या तापमानाचा इतिहास दिला होता. त्यात जमिनीवर आडवे ठेवून पेटवलेले चार चाचणी-बाण होते, ४७ ते ५२ अंशांचे. प्रत्यक्ष उड्डाणे दोनच होती: जानेवारी १९८५ चे ५३ अंशांचे आणि ऑक्टोबर १९८५ चे ७५ अंशांचे. या दोन्हीत तप्त वायू पहिल्या कड्याला चुकवून पुढे गेला होता आणि मागे काजळी सोडून गेला होता. अभियंत्यांच्या मते सगळ्यांत भयंकर लक्षण तेच, म्हणून त्यांनी तीच दोन उड्डाणे निवडली. शेवटच्या ओळीत उद्याचा अंदाज: कड्याचे तापमान २७ ते २९ अंश, म्हणजे शून्य सेल्सियसच्याही खाली.

समोरच्यांनी जे विचारायचे ते विचारले. थंडीत गळती झाली म्हणता, तर ७५ अंशांनाही झालीच की! आणि चाचणीचे चार बाण त्याहून थंड असूनही गळले नाहीत. अभियंत्यांच्याच एका पानावर लिहिले होते, की तापमान हा एकच घटक नाही. बोजोले सांगत राहिला, की ५३ अंशांच्या वेळची काजळी काळीकुट्ट होती आणि ७५ अंशांची करडी. पण करडे आणि काळे यांतला फरक आकड्यांत मांडून दाखवा म्हटल्यावर त्याच्याकडे उत्तर नव्हते. मग उड्डाण काय पुढच्या एप्रिलमध्ये करायचे, अशा अर्थाचा सवाल मार्शलच्या एका अधिकाऱ्याने केला. थायोकॉलने आपापसांत बोलायला पाच मिनिटे मागून घेतली. ती अर्धा तास चालली. अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापकाची टोपी घाल, असे तिथे एका वरिष्ठाने अभियांत्रिकीच्या उपाध्यक्षाला सांगितले. आणि उड्डाणाला होकार गेला. केनेडी केंद्रात हजर असलेला कंपनीचा प्रतिनिधी अ‍ॅलन मॅकडोनल्ड याने सही करायला नकार दिला. मग ती सही युटाहून फॅक्सने आली.

सकाळी ११ वाजून ३८ मिनिटांनी चॅलेंजर उडाले. ७३ सेकंदांनी आकाशात त्याचे तुकडे झाले. सातही जण गेले.

दोन चित्रे

चौकशीसाठी नेमलेल्या रॉजर्स आयोगाचा अहवाल जून १९८६ मध्ये आला. मी ज्या दोन आलेखांचा उल्लेख केला ते त्यातले. आडव्या अक्षावर तापमान, उभ्या अक्षावर त्या उड्डाणात कड्यांना झालेल्या इजांची संख्या.

पहिल्या आलेखात फक्त इजा झालेली सात उड्डाणे आहेत. तापमाने ५३, ५७, ५८, ६३, ७०, ७० आणि ७५. इजा ५३ ला तीन, ७५ ला दोन, इतरत्र एकेक. हे ठिपके पाहिले तर थंडीचा काही संबंध आहे असे वाटत नाही. डावीकडेही इजा, उजवीकडेही इजा, मध्येही इजा.

दुसऱ्या आलेखात एकच बदल आहे. ज्या उड्डाणांत काहीही झाले नाही, त्यांचेही ठिपके शून्याच्या रेषेवर मांडले आहेत. हे सगळे ठिपके उजवीकडे, उबदार बाजूला दाटी करून बसतात. डावीकडे शून्यावर एकही ठिपका नाही. आयोगाने ते शब्दांतही सांगितले: ६६ अंश किंवा त्याहून जास्त तापमानाच्या वीस उड्डाणांपैकी तिघांत इजा, ६३ अंश किंवा त्याहून कमी तापमानाच्या चारही उड्डाणांत इजा.

मी हा अहवाल पहिल्यांदा वाचला तो २००७ च्या आसपास. इंग्रजी शब्दकोश शेजारी घेऊन, रात्री, रोज पाच-सहा पाने. या दोन आलेखांपाशी मी थांबलो. दुसऱ्या आलेखात नवी माहिती म्हणून जे आले आहे ते सगळे ‘काही झाले नाही’ असे आहे. काही झाले नाही हे आपण नोंदवत नाही. नोंदवले तरी मोजत नाही, आणि मोजले तरी स्लाइडवर जागा नाही म्हणून गाळतो. इथे तर सगळा पुरावा तिथेच होता. आणि मग कँटीनमधला तो आवाज ऐकू आला.

एडवर्ड टफ्टी या अमेरिकन अभ्यासकाने १९९७ च्या आपल्या पुस्तकात या रात्रीच्या पानांची चिरफाड केली. त्याने स्वतः एक आलेख काढला. त्यात सगळी उड्डाणे आहेत, पण आडवा अक्ष त्याने डावीकडे थेट २६ ते २९ अंशांपर्यंत ताणला आहे. त्यामुळे ५३ च्या डावीकडे एक मोठी मोकळी जागा दिसते आणि तिच्या पलीकडच्या टोकाला उद्याचे उड्डाण. या रिकाम्या प्रदेशात आजवर कोणी उडालेले नाही, हे सांगायला शब्द लागत नाही. आपल्या सवयीप्रमाणे अक्ष जिथे आकडे संपतात तिथे संपवला असता, तर ही जागा दिसलीच नसती.

दोष आलेखाचा?

इथे थांबलो असतो तर गोष्ट सोपी होती: योग्य आलेख निवडला असता तर सात जण वाचले असते. बरीच वर्षे मी ती तशीच सांगत असे. पुढे २००२ साली बोजोले आणि इतर तिघांनी टफ्टीला दिलेले उत्तर वाचनात आले, आणि मला माझे बोलणे सुधारावे लागले.

त्यांचे म्हणणे असे. सगळ्या उड्डाणांच्या वेळचे कड्यांचे तापमान त्या संध्याकाळी आमच्या हाती नव्हतेच. मग आलेख कशाचा काढणार? टफ्टीच्या आलेखात काही जागी हवेचे तापमान आहे आणि काही जागी कड्याचे, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय त्याने रबर झिजणे आणि वायू निसटणे यांची एकाच अक्षावर बेरीज केली आहे. आमची भीती निसटण्याची होती, झिजण्याची नव्हती. म्हणजे टफ्टीचा आलेख दिसायला योग्य आहे, पण तो आम्ही विचारलेल्या प्रश्नाचा नाही.

हा आक्षेप मला रास्त वाटतो. त्यात आणखी एक गोष्ट आहे. एरवीच्या बैठकीत अभियंत्यांना ‘यान सुरक्षित आहे’ हे सिद्ध करावे लागे. त्या रात्री त्यांना ‘यान असुरक्षित आहे’ हे सिद्ध करायला सांगितले गेले. सिद्ध करण्याचे ओझे एका बाजूहून दुसऱ्या बाजूला सरकले होते. ज्याला आधीच हो म्हणायचे आहे त्याच्यापुढे कोणता आलेख पुरेसा ठरेल, हे सांगता येत नाही. टेलिफोनच्या दोन्ही टोकांना अनुभवी माणसे होती. ‘शून्य इजा झालेली उड्डाणे कुठे आहेत, ती मांडा आणि मग बोलू,’ असे त्यांच्यापैकी कोणीही म्हणू शकले असते. कोणी म्हणाले नाही. आलेख निवडण्याची जबाबदारी काढणाऱ्याची जेवढी, तेवढीच बघणाऱ्याची.

पुढे आयोगाच्या उघड सुनावणीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी रबराचा एक तुकडा शिकंज्यात आवळून बर्फाच्या पाण्याच्या ग्लासात बुडवला. बाहेर काढून शिकंजा सोडला. रबर लगेच मूळ आकाराला आले नाही. एक ग्लास पाणी आणि एक तुकडा रबर, स्लाइड नाही की अक्ष नाहीत. लोकांना थंडीचा परिणाम जो पटला तो त्या ग्लासाने. पण ते सात जणांच्या मृत्यूनंतर, जेव्हा सगळे ऐकायला तयार होते तेव्हा.

तीन आणि १९२०

हा धडा शिकला गेला का? १६ जानेवारी २००३ रोजी ‘कोलंबिया’ उडाले. कर्नालची कल्पना चावला त्यात होती, म्हणून आपल्या घराघरांत त्या यानाचे नाव पोचले. उड्डाणानंतर ८२ सेकंदांच्या आत इंधनटाकीवरचा फेसाचा एक तुकडा सुटून डाव्या पंखावर आदळला. यान वर असतानाच, इजा किती झाली असेल यावर अभियंत्यांनी स्लाइड्स तयार करून वरिष्ठांना दाखवल्या. एव्हाना पारदर्शक शीट जाऊन संगणकावरची स्लाइड आली होती.

त्यातली एक स्लाइड चौकशी मंडळाने आपल्या अहवालात छापली आहे. मोठ्या अक्षरांतले शीर्षक दिलासा देणारे. त्याखाली ठिपक्यामागे ठिपका, ठिपक्याच्या पोटात आडवी रेघ, अशी उतरंड, आणि अक्षरे लहान-लहान होत गेलेली. अगदी तळाशी, सगळ्यांत बारीक अक्षरांत लिहिले आहे, की चाचणीत वापरलेला तुकडा ३ घनइंचांचा होता आणि आदळलेला असण्याची शक्यता १९२० घनइंचांची. म्हणजे चाचणीच्या ६४० पट. चाचणीचे निष्कर्ष इथे लागू करणेच धाडसाचे होते, आणि स्लाइडमधली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच होती.

इथे कोणता आलेख योग्य ठरला असता? प्लेफेअरच्या दोन पट्ट्या. चाचणीची पट्टी एक मिलिमीटर घेतली तर दुसरी ६४ सेंटिमीटर होते. ती कागदाबाहेर जाते, टेबलाच्या कडेपर्यंत पोचते. अशी पट्टी पाहिल्यावर शीर्षकावर कोणी विश्वास ठेवला नसता. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर कोलंबिया टेक्ससच्या आकाशात विखुरले. तेव्हाही सात जण होते.

वही मागायला हवी होती

अलीकडे ओळखीतली तरुण मुले-मुली कार्यालयासाठी स्लाइड करताना मला विचारतात, यातला कोणता घेऊ? मी जे सांगतो ते साधे आहे. काळ बदलताना काय झाले हे सांगायचे असेल तर रेषा. चार-दहा गोष्टी एकमेकींशी तोलायच्या असतील तर पट्ट्या, आणि पट्ट्यांची सुरुवात शून्यापासूनच. एका गोष्टीने दुसरी बदलते का हे पाहायचे असेल तर ठिपके. एका वस्तूचे दोन-चार भाग एवढेच दाखवायचे असेल तर वर्तुळ चालेल, पण ती सगळी वस्तू खरोखर एकच आहे ना, हे आधी बघ.

मी ते बघितले नव्हते. आमच्या कारखान्यात दिवसा विजेचा दाब पुरेसा नसे. म्हणून मोठी यंत्रे बहुतेक रात्री चालत. हे दरवानापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना ठाऊक होते, मलाही होते. रात्री यंत्रे जास्त चालत असतील तर जास्त बंद पडणारच. विचारायचा प्रश्न होता, चाललेल्या दर शंभर तासांमागे कोणत्या पाळीत किती बिघाड? त्याचे उत्तर तीन पट्ट्यांत मावले असते. वर्तुळात ते मावतच नाही, कारण वर्तुळाला फक्त फोडी समजतात. न बिघडता गेलेल्या तासांना त्यात जागा नाही. डब्याचे झाकण उपडे ठेवले त्याच क्षणी मी प्रश्न बदलून टाकला होता, आणि मला वाटत होते की मी फक्त चित्र काढतो आहे.

त्या फिटरवर अन्याय झाला, असे मी ठामपणे म्हणू शकत नाही. हिशेब केला असता तर कदाचित त्याची पट्टी आखूड निघाली असती, कदाचित लांबच निघाली असती. यंत्रे किती तास चालली याची नोंद उत्पादन विभागाच्या वहीत होती. ती वही दोन खोल्या पलीकडे होती आणि मी ती मागितली नाही. कारखाना आता बंद आहे, वह्या केव्हाच रद्दीत गेल्या. तो निवृत्त होऊन गावी गेल्याचे मी कोणाकडून तरी ऐकले. त्याला भेटून हे सांगायचे राहून गेले.

हल्ली कोणी मला आलेख दाखवला तर मी रंगांकडे पाहण्याआधी विचारतो, यात जे बिघडले नाही ते कुठे आहे? बहुतेक वेळा समोरचा क्षणभर गप्प होतो आणि म्हणतो, ते आकडे दुसरीकडे आहेत, मागवावे लागतील. मी म्हणतो, मागव. मी थांबतो.